खांबांचं अस्तर

१४ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

नमस्कार. डोळ्यावरची पट्टी निघेपर्यंत हे पत्र ताईच वाचून दाखवणार, म्हणून तिलाही सांगते: ताई, मधलं काही गाळायचं नाही, आणि माझी नक्कल करत वाचायचं नाही.

आम्ही मजेत आहोत. आई तुमच्या शिलाई मशीनवर रोज फडकं मारते आणि "घर किती शांत वाटतंय" म्हणत सारखी फाटकाकडे बघते. घराखालच्या खांबांचं काम छान चाललंय. खांबाशेजारी जॅक लावून घराचं वजन त्यावर घ्यायचं, खाली पायापर्यंत खणायचं, भोवती गजांचा पिंजरा बांधायचा आणि मग काँक्रीट. पिंजऱ्याच्या रिंगा मी तुमच्या टाक्यांसारख्या जवळजवळ बांधल्यात. घर खचल्यापासून अडणारं स्वयंपाकघराचं दार आता लागतं! आई उगाचच पुन्हा पुन्हा लावून बघते.

आता खरं सांगते. जाताना तुम्ही म्हणाला होतात, "काय करायचं ते कर, पण खांबांना लावलेलं माझं अस्तर फोडू नकोस." मी फोडलं. पाच खांबांचं. तुम्हाला न विचारता.

बाबा, हातोडीने वाजवलं तर आतून पोकळ आवाज यायचा. तुमचे ते सिमेंटचे थर पायापर्यंत गेलेच नव्हते. वरच्यावर लटकून नुसतं वजन वाढवत होते आणि मधल्या फटीत पाणी मुरत होतं. त्यांच्यावरून नवं काँक्रीट चढवणं म्हणजे विरलेल्या कापडावर शिवण घालणं. हे तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. लोकांचे कपडे पोचवताना तुम्ही दारोदार "आमची इंजिनिअर" म्हणून सांगता. घरातली पहिली पदवी, आणि तिचा पहिला घाव तुमच्याच कामावर?

फोडताना आई शेजारी बसून एकेक थर ओळखत होती. "हा तुझ्या टायफॉइडचा. हा ताईच्या लग्नाचा. तुझ्या बाबांना काळजी लागली की ते सिमेंट कालवतात. बाकीची माणसं निदान चहा तरी मागतात!" खूप हसलो.

मग माझ्या खिडकीखालचा सहावा खांब आला. त्याच्यावरचा थर सगळ्यांत जाड. आई म्हणाली, "तू हॉस्टेलला गेलीस त्या दिवशीचा. तुला बसमध्ये बसवून बाबा आले ते थेट सिमेंटचं पोतं खांद्यावर घेऊनच." मला तर तुम्ही बसच्या खिडकीतून एवढंच म्हणाला होतात, "पोचलीस की कळव."

तिथे माझा हात थांबला. तो खांब तसाच आहे. पिंजरा बांधून तयार ठेवलाय. तुम्ही हो म्हणालात तरच फोडेन.

आणि बाबा, मला नोकरी लागलीय. लांब. नदीपलीकडच्या मुलांना शाळेत जाता यावं म्हणून लहान लहान पूल बांधायचे. मला हेच करायचं होतं, तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या ऑपरेशनआधीच कळलं होतं. पण सांगायचं सोडून मीसुद्धा घराखाली शिरून सिमेंटच कालवत बसले.

पुढच्या महिन्यात निघेन. त्या दिवशी पोतं आणू नका. खांबांना आता काही लागणार नाही. मला फोन करा. काही सुचलं नाही तरी करा. तुम्ही नुसता कानाला धरा, बोलेन मी.

तुमची,
बॉबिन