पायाचा कागद

आत्याबाई, तुमची पणती तीन दिवस मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसली होती. ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा घरी करायचा, पुड्या बांधायच्या आणि पार पुण्यापर्यंत धाडायच्या, असं तिच्या मनात आहे. पण धंद्याला कागद कोणता लागतो तेच तिला कळेना. दुकानाची नोंदणी वेगळी, खायच्या मालाची वेगळी, वजनाचं वेगळं, फेरीवाल्याचं वेगळं. एवढी शिकलेली पोरगी शेवटी माझ्याकडं आली, जिला स्वतःचं नाव लिहिता येत न्हाई. मला लई बरं वाटलं. आधी तिला पाय चेपायला बसवलं, मग सांगितलं. आणि सांगून झाल्यावर म्हटलं, आता वही आण, ज्या बाईनं मला हे शिकवलं तिला पत्र लिहायचंय. ती म्हणाली, आज्जी, पणजीला जाऊन चाळीस वर्षं झाली. म्हटलं, म्हणूनच घाई न्हाई, अक्षर नीट काढ.

तुम्ही माझ्या सासूबाई, पण माझी शाळाही तुम्हीच. भट्टीपुढं बसून तुम्ही कढईत वाळू तापवायचात, हरभरे टाकायचात, आणि मी चाळणीनं फुटाणे निवडायची. भिंतीवर तारेत ओवलेल्या बाजाराच्या पावत्यांचा हा एवढा गठ्ठा. नवी होते, तेव्हा मी एकदा विचारलं की एवढे कागद असताना अजून कसला परवाना मागतात. तुम्ही झाऱ्या खाली ठेवला न्हाई, वर बघितलं न्हाई. "आगं, त्यो बुडाचा कागद हाय. चौसाळ्याच्या बाजारात बसलीस की फाडत्यात, बाजार उठला की मेला. डोक्यावर पाटी घिऊन गावोगाव फिरलीस तर पायाचा कागद लागतो. तागडी धरलीस तर हाताचा. आन् दुकान टाकलंस तर दाराचा. जेवढं अंग धंद्यात घालशील, तेवढं कागद." असं साऱ्या सरकारचं वाटप तुम्ही माझ्या अंगावर करून दाखवलंत. हाताचा कागद हा खरं म्हणजे कागदच नव्हता. वजनाच्या बुडाला शिसं भरलेलं, त्यात साहेबाचा शिक्का. म्हणून तर दसऱ्याला वजनं पुजताना तुमचा हुकूम होता, हळदकुंकू वरून लावायचं, बुडाला बोट लावायचं न्हाई.

मग तो दुष्काळ आला. विहिरीत कासरा सोडला तरी ओला होईना. बाजारात माणसं यायची ती एकमेकांना भेटायला, घ्यायला कुणी न्हाई. गावातल्या टोळ्या ऊसतोडीला निघायच्या तयारीत, आणि तुमच्या ल्योकाचा कोयता अजून अर्धाच. कोयता म्हणजे जोडी, एकानं तोडायचं, एकीनं मोळी बांधायची. मी गेले तर जोडी पुरी, न्हाई तर धाकट्या दिराला न्यायचं. मला पाचवा महिना. तुम्ही म्हणालात, सून जाणार न्हाई. तुमचा ल्योक म्हणाला, मग इथं दोघी खाणार काय? तेव्हा तुम्ही शेजारच्या शिवाराकडं बोट केलं. तिथं तलावाचं दुष्काळी काम सुरू झालं होतं, दोन-चार गावचं माणूस माती उपसत होतं. "येवढी तोंडं हायेत तिथं. फुटाणं घिऊन फिरंल ती." मग ठरलं की दसऱ्यानंतर टोळी निघायच्या आत पायाचा कागद हातात आला तर मी राहायचं, न्हाई आला तर गाडीत बसायचं. आणि ग्रामसेवकानं सांगितलं, आधी वजनं पास करून आणा, मग परवान्याचं बघू.

दसऱ्याला वजनांची पूजा मी केली. तिसऱ्या दिवशी चौसाळ्याला वजनमापाचा साहेब आला. टेबल मांडलेलं, पुढं दुकानदारांची रांग, त्यात आपण दोघीच बायका. साहेबानं आपलं किलोचं वजन उचललं, उलटं केलं, आणि बघतच राहिला. बुड सगळं लालभडक. त्यानं अर्ध्याचं उलटं केलं, पावाचं केलं, तीच गत.

"बाई, शिक्का कुठंय?"

"कुंकवाखाली."

"हे वजन आहे का देव?"

"दोनी हाय," तुम्ही म्हणालात.

त्यानं किलोचं वजन तसंच काट्यात टाकलं तर पारडं खाली गेलं. तेलात कालवलेलं कुंकू शिशाच्या खळग्यात गच्च बसलेलं. साहेबाला हसू आवरेना. म्हणाला, तुम्ही गिऱ्हाइकाला जास्त देताय, पण चूक ती चूक, पुढच्या फेरीला आणा. पुढची फेरी म्हणजे शिमग्याच्या पुढं. तुम्ही एकदा माझ्याकडं बघितलंत. मग अंबाड्यातला आकडा काढलात, त्या टेबलापुढं मांडी घातलीत आणि तिन्ही वजनांची बुडं कोरायला लागलात. देवाचं कुंकू मातीत सांडू नये म्हणून पदरात झेललंत. मागचे दुकानदार कुरकुरले, तर म्हणालात, रांग मोडून तर बघा. कुणी मोडली न्हाई. साहेब चहा प्याला, पान खाल्लं, आणि शेवटी त्यानं वजनं परत काट्यात टाकली. काटा सरळ उभा. शिक्का बसला.

तिथनं तशाच आपण आपल्या पंचायतीत. सोसायटीचे चेअरमन तिथंच बसलेले. माणूस वाईट न्हाई, मदतच करत होता. म्हणाला, परवाना सोसायटीच्या नावावर घेऊ, तुम्ही सोसायटीच्या वतीनं विका, म्हणजे कसली कटकट न्हाई. तुम्ही विचारलंत, "सोसायटीला पाय हायेत का?" ग्रामसेवक गालात हसला आणि त्यानं विचारलं, मग नाव कुणाचं घालू? मला वाटलं तुमचं, न्हाई तर तुमच्या ल्योकाचं. तुम्ही माझं घातलंत. सासू असताना सुनेचं कसं, असं त्यानं विचारलं. "माझं पाय दुखत्यात. पाय हिचं, नाव बी हिचंच." माझा अंगठा पहिल्यांदा सरकारी कागदावर उठला तो तिथं. शाईचं बोट मी दोन दिवस धुतलं न्हाई.

दुखणारे पाय आत्याबाई, त्या दिवशी चौसाळ्याहून गावापर्यंत माझ्यापुढं असे धावत होते की मला धाप लागली. अर्ध्या वाटेत तुम्ही मागं न बघता एवढंच बोललात, "पुढच्या दसऱ्याला वजनं मी पुजीन."

टोळी गेली, मी राहिले. तलावावर माझी पाटी दुपारच्या आत रिकामी व्हायची. माती उपसणाऱ्या बायका फुटाण्याबरोबर माझं पोटही जोखायच्या, पोरगं हाय, पोरगी हाय. पोरगं झालं, माघात, भट्टीच्या उबेला. माझ्या बाळंतपणात माझ्या नावाच्या कागदावर तुम्ही फिरलात. परवाना माझ्या पायाचा आणि पाय तुमचे, तेवढा एक गुन्हा आपल्या दोघींच्या नावावर आहे. पुढं हमरस्त्याला दुकान झालं तेव्हा दाराचा कागदही माझ्याच नावानं आला. तुमचा ल्योक गल्ल्यावर बसायचा आणि लोकांना सांगायचा, मालकीणबाई आत हायेत.

म्हणून परवा तुमच्या पणतीला मी तुमच्याच रीतीनं विचारलं. बसतीस? न्हाई. फिरतीस? न्हाई. दार? दार घराचंच. तोलतीस? हो, पुडीवर वजन लिहायचंय. मग हात आला. लोक खाणार? मग तोंडाचा कागद आला. तो तुमच्या वेळी आपल्याला कुणी विचारला न्हाई. धंदा लहान तर नुसती नोंदणी, मोठा झाला की परवाना, असं ती म्हणते. आणखी एक निघालाय, त्यात परवानगी काहीच न्हाई, अमकी बाई अमका धंदा करते एवढं सरकारला कळतं. तो कुठल्या अंगाचा, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, कपाळाचा. ती एवढी हसली की फोन पडला.

आता हे पत्र कुठं टाकायचं, तर कुठंच न्हाई. पत्र्याच्या डब्यात तुमचं पावाचं वजन आहे, त्याच्याखाली घडी करून ठेवणार. ही लिहितेय तोवर एक सांगून टाकते, म्हणजे पुन्हा सांगायला नको. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, आत्याबाई. मला तुमच्यापाशी राहायचंच नव्हतं, तुमच्या ल्योकामागं उसाला जायचं होतं. त्या दसऱ्याला बुडाला कुंकू मी विसरून लावलं न्हाई. तेल घालून, अंगठ्यानं दाबून लावलं. हिचा हात थांबलाय, कारण त्या माघात भट्टीपाशी जन्मलेला तो हिचा बाप. लिही म्हणते. तुम्हाला तिथंच, टेबलापुढं कळलं होतं. तरी नाव माझं घातलंत.