मंदोदरीचा चेहरा

बाबा, काल लोअर परळला तिच्या चित्रांचं प्रदर्शन बघून आले. चाळीतली वरच्या मजल्यावरची, तुमच्या रविवारच्या चित्रकलेच्या वर्गाला यायची, तीच. सगळी पुराणातली माणसं, पण आपल्या शेजारपाजारची करून काढलेली. गांधारी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची हिरवी पट्टी लावून बसलीय. लोक वाहवा करत होते आणि माझा नुसता जळफळाट होत होता. आतल्या भिंतीवर मंदोदरी होती, तीच, आपल्या गिरगावच्या खोलीत तुमच्या वर्गात काढलेली.

रावण युद्धावरून परतायची वाट बघणारी मंदोदरी काढा, असं तुम्ही सांगितलं होतंत. मी मुकुट काढला, बाजूबंद काढले, मागे सोन्याचे खांब. तुम्ही माझा कागद हातात घेता आणि म्हणता, "सफाई आहे हो हाताला." मी हरखते. मग तिचा कागद उचलता आणि खिडकीपाशी उजेडात नेता. तिच्या मंदोदरीला मुकुट नाही. विझलेल्या स्टोव्हपाशी पाटावर बसलीय, पदर कमरेला खोचलेला, पुढ्यात झाकलेलं ताट, नजर दाराकडे.

"हिला कुठे बघितलंस गं?" तुम्ही विचारलंत.

"तुमच्याकडेच, काका. काकू नाहीत का बसत अशा?"

वर्ग तसाच टाकून तुम्ही आत गेलात आणि आईशेजारी जमिनीवर बसलात. "बरं वाटत नाहीये का?" आई घाबरून म्हणाली. लालबागच्या मंडळांचे पडदे रंगवून तुम्ही उशिरा यायचात आणि आई जेवायची थांबायची, हे मला काय ठाऊक नव्हतं? मी त्याच स्वयंपाकघरात अभ्यास करायचे. पण ती दिसली वरच्या मजल्यावरच्या पोरीला. आता मीही शाळेत चित्रकला शिकवते, पण 'सफाई' हा शब्द कुठल्याही मुलाच्या कागदावर लिहीत नाही.

आईचा आपल्याकडे एकच फोटो आहे, लग्नातला, स्टुडिओत काढलेला. त्यात ती आईसारखी दिसतच नाही. काल प्रदर्शनात मला त्या चित्रापुढे उभी बघून वरच्या मजल्यावरची ती जवळ आली. "घरी ने ना हे. काकूच आहेत त्या."

"भिंतीवर जागा नाही गं," मी म्हटलं.

हे काही तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून सांगते. जागा आहे, बाबा. चित्रही हवंय. पण ते तिनं काढलंय.