न फुटणारं रक्त

उट्रेख्ट, ३ ऑक्टोबर १९६६
लिहीन लिहीन म्हणत नऊ दिवस ढकलले. आळस, दुसरं काय. नोकरी लागली, तीही खोलीसकट! ब्राउन्स्मा बाई प्रोफेसर होत्या, आता निवृत्त आहेत. पण कालव्याकाठच्या घराच्या तळघरात त्यांची प्रयोगशाळा चालूच आहे. चाळीस वर्षं एकच ध्यास, पेशीचं आवरण. म्हणजे चरबीचा दुपदरी पापुद्रा. मी बाटल्या धुतो. (आज निम्मा वेळ बदकंच बघत होतो, ते असो.) खेर्बेन त्यांचा जुना मदतनीस. म्हणाला, "शाळा सोडलीस ना, टिआलिंग? मग टिकशील. शिकलेले पळतात."

८ ऑक्टोबर
प्रयोगाला ताजं माणसाचं रक्त लागतं, ते आम्हीच पाळीपाळीने देतो. दहाच्या कॉफीला एकच बिस्कीट, की डबा बंद. रक्त देणाऱ्याला मात्र दोन. मी हावरट, खेर्बेनचीही पाळी घेतली. रक्तात नागाचं विष घालतात. विष पापुद्रा खातं, पेशी फुटतात, गढूळ रक्त काचेसारखं स्वच्छ लाल होतं. माझं गढूळच राहिलं. बाई नळी उजेडात धरून उभ्याच राहिल्या.

१४ ऑक्टोबर
आता रोज सुई. माझ्या पापुद्र्यात काय आहे ते कळलं की चाळीस वर्षं हसणाऱ्यांची तोंडं बंद होतील, असं बाई म्हणतात. खेर्बेनने बजावलं, संध्याकाळची गाडी पकड, बाई आता थांबायच्या नाहीत. जिन्यात चक्कर आली. उद्या जाईन.

१७, बहुतेक
खेर्बेन मला उचलून नेत होता. बाईंनी फुटक्या बाटलीने त्याचा गळा — एकदा नाही, चारदा. मग खाली पातेलं लावलं. वाया कशाला घालवायचं, म्हणाल्या. त्याचं रक्त नळीत लगेच फुटलं. त्या रागाने त्याच्या तोंडावर लाथा —

?
उजवा हात पट्ट्याने बांधलाय. वही डाव्या हाताशी. काय होतंय ते लिही, नोंद चुकवू नकोस, म्हणाल्या. विष आता थेट शिरेत. ओठ निळे — लिहिलं. दोन दात पडले — लिहिलं.

?
बाई हळहळल्या. तू संपत आलास, म्हणाल्या. पण असा गुण घराण्यात असतो. त्यांनी माझ्या घरी पत्र टाकलंय, मी आजारी आहे म्हणून —
वर घंटा. बाई केस सारखे करून गेल्या. कॉफी विचारतायत. तो आवाज — माझी धाकटी बहीण, फ्राउके. एकटीच. ओरडतोय, आवाज निघत नाही. जिन्यावर तिची पाव