काकवीचे ग्रॅम

२ जानेवारी, मलकापूर.
अश्लेषाचा साखरपुडा अठराला, सांगलीत. व्याही अनंतरावांना काल फोनवर शब्द दिला: अंगठ्यांनंतर कापायचा केक बेकरीचा नसेल. गव्हाचं पीठ, काकवी आणि माझे हात. अश्लेषा म्हणाली, "बाबा, सासरच्यांसमोर माझं हसं करू नका." जाहीर सभा गाजवणाऱ्याला घरात एवढाच मान.
बायकोकडे, क्षमाकडे, तिची कृती मागितली. "एक वाटी काकवी." कोणती वाटी? घरात सात आहेत, सात आकारांच्या. या देशाचं घोडं वाटीपाशीच अडलंय. डिजिटल काटा मागवला. यापुढे या घरात सगळं ग्रॅममध्ये.

६ जानेवारी.
काटा आला. क्षमाची नेहमीची वाटी भरून पाणी मोजलं: दोनशे ग्रॅम. म्हणजे काकवीही दोनशे ग्रॅम. लिटरला किलो. ही शिस्त जगाला फ्रेंच क्रांतीने दिली, राजाचं डोकं उडवून. क्षमा म्हणाली, "अहो, काकवी पाण्यापेक्षा जड असते." तिला अनुभव आणि विज्ञान यांतला फरक समजावला. अर्ध्यात ती वाळत घातलेले कपडे काढायला गेली. आभाळ स्वच्छ होतं.

७ जानेवारी.
पहिला केक. कोरडा, फिका. दोष काकवीचा. ती पाठवणाऱ्या मेहुण्याला, सयाजीला, कडेगावला फोन करून भेसळीविरुद्ध बोललो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दाजी, काकवीत पाणी घालाय आमाला सवड न्हाई. आक्का वाटीनं घालती तवा लय झ्याक हुतो की केक." वैयक्तिक टीकेला मी उत्तर देत नाही.

१० जानेवारी, दुपार.
अश्लेषाने तीच वाटी रिकामी काट्यावर ठेवली, काटा शून्यावर आणला, मग काकवीने काठोकाठ भरली. दोनशे ऐंशी. हे मला माहीत होतं. ती स्वतः शोधते का, ते पाहत होतो.
म्हणजे पाण्याच्या वजनाला एक पूर्णांक चार दशांशाने गुणायचं. सूत्र हाती आलं. संकल्प: दूध आणि तेलालाही तेच लावायचं. काकवीला एक न्याय आणि तेलाला दुसरा, हे माझ्या तत्त्वात बसत नाही.

११ जानेवारी.
दुसरा केक. भांडं उपडं केलं तसा ओट्यावर पसरला. चमच्याने खाल्ला, नंतर हात दोनदा साबणाने धुतले. अश्लेषा म्हणाली, "बाबा, तेल पाण्यावर तरंगतं. हलकं असतं." शाळेतला विषय जेवताना काढायची गरज नव्हती. समतेच्या मार्गात तेल नेहमीच आडवं येतं.

१४ जानेवारी. संक्रांत.
तिळगूळ घेतला. गोड बोलणं जमलं नाही. अनंतरावांचा फोन. हे गृहस्थ कोयनानगरला धरणावर इंजिनियर होते, जन्मभर पाणी मोजलं. विचारत होते, केक जमतोय ना, की इकडे सांगून ठेवू? प्रयोग निर्णायक टप्प्यावर आहे, असं सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मीही पुन्हा तेच सांगितलं.
साखरपुड्यासाठी भाषण लिहिलं: 'वाटीकडून ग्रॅमकडे'. हे मात्र पहिल्या फटक्यात जमलं.

१७ जानेवारी, संध्याकाळ.
तिसरा केक. दूध-तेलाचा हट्ट सोडला. तडजोड नव्हे, डावपेच. काकवी हळूहळू पातेल्यात ओतली आणि पातेल्यासकट बरोबर दोनशे ऐंशीवर थांबलो. हात हलला नाही. केक सबंध निघाला. वाजवून पाहिला, आवाज आला. वजन सातशे वीस. डब्यात बंद केला.
ओट्याच्या दुसऱ्या टोकाला क्षमाची काहीतरी खटपट चालली होती. वाटीचा आवाज आला. मागासलेपण एका दिवसात जात नाही.

१८ जानेवारी, सांगलीहून परतताना.
अंगठ्या झाल्या. केक कापला. मी भाषणाला उभा राहिलो. सभागृह चाळीस मिनिटं निःशब्द होतं, तोंडं भरलेली असल्यामुळे असेल. बसलो तेव्हा एकाही ताटलीत तुकडा नव्हता. अनंतराव म्हणाले, "असा केक खाल्ला नव्हता. काकवी किती?" मी ठणकावून सांगितलं, "दोनशे ऐंशी ग्रॅम." त्यांनी क्षमाकडे पाहिलं. ती म्हणाली, "हो, एक वाटी." अश्लेषा खूप दिवसांनी हसली.
शास्त्राचा विजय. मला तुकडा मिळाला नाही.

१९ जानेवारी, सकाळ.
चहाबरोबर काही आहे का म्हणून फडताळ उघडलं. मागे माझा डबा. आत केक. क्षमाला हाक मारणार होतो, नाही मारली.
काटा काढला. केक ठेवला. सातशे वीस. एक ग्रॅमही कमी नाही.
काटा उत्तम आहे.