नाव न लिहिण्याचा शब्द

महाड, मंगळवार, संध्याकाळ

दिलेला शब्द आज मोडायच्या बेतात होते, म्हणून लिहायला बसले.

मुलं, मोबाइल आणि एआयचे धोके, या पाहणीसाठी रायगडाखालच्या हिरकणीवाडीला गेले होते. आठवीतल्या एका मुलीने आधीच विचारलं, "बाई, नाव नाय ना लिवणार?" नाही म्हटलं. मग तिने फोन दाखवला. कुणा पर्यटकाने आईच्या टपरीवर तिचा फोटो काढून नेटवर टाकला होता. आता कुणीतरी एआयने तोच चेहरा लावून खोटं, घाणेरडं चित्र बनवलंय आणि धमकावतोय: खरे फोटो पाठव, नाहीतर हे गावभर करीन.

"आईला सांगू नका. मारील."

नाव कुठे न जाऊ देण्याचा शब्द पाळायचा की पोर सांभाळायची? हा काय प्रश्न झाला! तरी क्षणभर अडलेच. मग बजावलं, "मी सांगणार नाही. तू सांगायचंस. मी शेजारी बसते. रडायचं नाही."

रडत रडतच सांगितलं तिने. आईने भाकरी तव्यावर तशीच सोडून फोन घेतला, नीट पाहिलं.

"तोंड तेवढं माझ्या पोरीचं. बाकी नाय." मग तिच्याकडे वळून, "येवढ्यासाठी जेवत नव्हतीस गो? चल, टपरी बंद कर."

भाकरी करपली. कुणी पाहिलंच नाही तिकडे.

पोलीस ठाण्यात नाव विचारलं. मी मुलीकडे पाहिलं. मुलीने स्वतःच सांगितलं, आडनावासकट. इथेही मी ते लिहीत नाही.

फोन पोलिसांकडे दिला, पुरावा म्हणून चित्र न पुसता. तक्रारीची पोच आईच्या कनवटीला खोचलेली.