नॉर्बच्या रायफलीवरचं फूल

बुधवार, १२ फेब्रुवारी १९९७
आजपासून ईस्टरपर्यंत उपासाचे दिवस. चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली आणि संकल्प केला: ईस्टरपर्यंत एकही बंदूक विकत घ्यायची नाही. माझी बायको अर्लीन, तिने विचारलं, मग गेल्या उपासात दोन कुठून आल्या? त्या भेट होत्या. म्हणजे जवळजवळ भेट.
संग्रहात सध्या चौदा आहेत. सगळ्या दुसऱ्या महायुद्धातून आपल्या जिल्ह्यातल्या पोरांनी घरी आणलेल्या. प्रत्येकीचं कार्ड आहे: नंबर, कोणी आणली, कुठून, आणि शेवटचा रकाना, 'माझ्याकडे कशी आली'. कार्डावर मी एक अक्षरही खोटं लिहीत नाही. अर्लीन याला नाद म्हणते. हा इतिहास आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
माजी सैनिकांच्या हॉलमध्ये उपासातल्या पहिल्या शुक्रवारचे मासे (मांस वर्ज्य, मासे चालतात). ऑगीने तळले. कोबीचं सॅलड जरा आंबट.
मी स्वतः सैन्यात नव्हतो (युद्धात वय आठ, नंतर सपाट पाय, डॉक्टरचा दाखला आहे). पण हॉलच्या खुर्च्या फुकट दुरुस्त करतो, म्हणून म्हातारे मला त्यांच्या टेबलावर बसू देतात. शाळेत सुतारकाम शिकवायचो, म्हणून मास्तर म्हणतात.
त्यांच्यातल्या नॉर्बने दरवर्षीची गोष्ट सांगितली. फिलिपिन्समधला डोंगर, धो धो पाऊस, झुडपातून आलेला जपानी सैनिक. त्याने व्हर्जिलला संगीन मारली आणि मग नॉर्बवर धावून आला. नॉर्बने त्याला लोळवला आणि रायफल हिसकावून घेतली. व्हर्जिल म्हणजे नॉर्बच्या बायकोचा, रोझेलाचा, भाऊ. रोझेला जाऊन चार वर्षं झाली. रायफल मात्र एकावन्न वर्षं जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर आहे. गोष्ट चालू असताना कोणी मध्ये बोलत नाही. ऑगीसुद्धा झारा हातात धरून उभा राहतो.
मला ती रायफल बघायची आहे. नुसती बघायची. बघण्याचा काही उपास नसतो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
नॉर्बकडे गेलो. अभ्यासासाठी. त्याने रायफल खाली काढून माझ्या हातात दिली आणि स्वतः कॉफी करायला गेला. म्हणाला, बघ मास्तर, पण पाडू नको, रोझेलाने टांगलेली आहे.
नळीच्या मुळाशी जपानच्या बादशहाचं फूल असतं, सोळा पाकळ्यांचं. मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. फूल घासून काढलेलं.
लढाईत हिसकावलेल्या रायफलीवर फूल शाबूत असतं. घासलेलं फूल म्हणजे ती शरणागतीनंतर ढिगात पडलेली. बादशहाचं चिन्ह शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून जपानी ते आधी घासून टाकायचे. घरी निघालेल्या आपल्या पोरांना त्या ढिगातली एकेक उचलायची परवानगी होती. म्हणजे नॉर्बची गोष्ट, ते झुडूप वगैरे, तशी नाही.
नॉर्ब कॉफी घेऊन आला. मी म्हणालो, सुंदर आहे. हे खोटं नाही. सुंदर आहेच.
कोणाला सांगायचं नाही. या बाबतीत माझ्या तोंडाला कुलूप.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
सांगितलं. म्हणजे मी सांगितलं नाही, मला विचारलं गेलं. शेजारच्या टेबलावरच्या नव्या विमा एजंटाने विचारलं, खरी लढाईतली रायफल ओळखायची कशी? सत्तावीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला प्रश्न विचारल्यावर तो काय करणार? मी सर्वसाधारण माहिती दिली. फुलाचं सांगितलं. नाव कोणाचंही घेतलं नाही. एजंट म्हणाला, म्हणजे नॉर्बची खरी, नाही का? मी चष्मा वर सरकवला. मग म्हणालो, ते फूल बघून ठरवायचं.
नॉर्ब माझ्या मागे ताट घेऊन उभा होता. त्याची मुलगी जॅनिस सोबत होती. त्याने ताट टेबलावर ठेवलं, कोट घातला आणि गेला. मासा तसाच राहिला.
गाडी अर्लीनने चालवली. दारात किल्ली लावताना म्हणाली, डेल, तू गाढव आहेस.
उद्या माफी मागणार. नक्की.

रविवार, २३ फेब्रुवारी
काल गेलो नाही, कारण आज चर्चमध्ये भेटणारच होता. भेटला. तिसऱ्या बाकावर. मी बाजूच्या दाराने निघालो. एवढी माफी चर्चच्या पायऱ्यांवर उरकायची नसते.

मंगळवार, २५ फेब्रुवारी
बर्फ. रस्ते निसरडे, जाणं धोक्याचं. अर्लीन किराणा घेऊन आली.

गुरुवार, २७ फेब्रुवारी
पत्र लिहिलं. तीन पानं. दुसऱ्या पानावर ओघात फुलाचा इतिहास आला. अर्लीनने सगळं वाचलं आणि विचारलं, यात 'सॉरी' कुठे आहे? चौथ्या पानावर येणार होतं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
नॉर्बची खुर्ची रिकामी. मासे नेहमीसारखेच असावेत. मी ताट तसंच परत दिलं.

शनिवार, १ मार्च
पापांची कबुली द्यायला गेलो. आधी किरकोळ पापं सांगितली. मग हे प्रकरण, 'माझ्या एका मित्राचं' म्हणून. जाळीपलीकडून फादर क्लेम म्हणाले, तुझ्या मित्राला सांग, इथे रांगेत उभं राहण्यापेक्षा त्या म्हाताऱ्याच्या दारात जाऊन उभा राहा. आणि डेल, जाताना दार ओढून घे.

शुक्रवार, ७ मार्च
जॅनिस मासे न्यायला आली. अर्लीनला म्हणाली, बाबा आता टेबलावर जेवतच नाहीत, स्वयंपाकघरात सिंकपाशी उभ्याने खातात. मी त्यांना विचारलं, ते फुलाचं खरं आहे का? तर काही बोलले नाहीत. विचारायला नको होतं मी.
अर्लीनने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या ताटाकडे. फार वाईट वाटतंय. आजारी पडल्यासारखं. मंगळवारी जाणारच.

मंगळवार, ११ मार्च
गेलो! अर्लीनने केलेला अ‍ॅपल पाय सोबत. क्रम ठरवून गेलो होतो: आधी सॉरी, मग अ‍ॅपल पाय, मग लगेच निघायचं.
नॉर्बने दार उघडलं. रायफल घोंगडीत गुंडाळून दाराशीच ठेवलेली. म्हणाला, बरं झालं आलास. घेऊन जा ही. मला आता बघवत नाही तिच्याकडे.
मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं. तोंडातून आलं, कागद आहेत का?
माझ्या तोंडातून. माझ्याच.
कागद होता. रायफल घरी नेण्याचा सैन्याचा परवाना, ड्रॉवरमधून काढून दिला. सासेबो बंदर, जपान, ऑक्टोबर १९४५. मग उभ्याउभ्याच त्याने सांगितलं. व्हर्जिलला मारलं ते खरं. झुडूप खरं, पाऊस खरा. मारणारा पळून गेला. नॉर्ब चिखलात पालथा पडून होता, त्याने डोकंही वर काढलं नाही. घरी आला तेव्हा हातात ही ढिगातली रायफल. रोझेलाने विचारलं, तो माणूस सापडला का रे? मी हो म्हणालो, मास्तर. ही त्याचीच, असं म्हणालो. तिने तिथल्या तिथे हातोडी मागितली. मग मी जन्मभर हो म्हणत राहिलो.
मी मान हलवली. घोंगडी उचलली. घरी आलो. अर्लीन दारात उभी. माझ्या एका हातात रायफल, दुसऱ्या हातात अ‍ॅपल पाय, न कापलेला.
संकल्प मोडलेला नाही. विकत घेतली नाही.

शुक्रवार, १४ मार्च
आज सगळं निस्तरायचं ठरवून गेलो. हॉलमध्ये उभा राहिलो, ग्लासवर चमचा वाजवला आणि जाहीर केलं: माझी चूक झाली, चष्म्याचा नंबर वाढलाय, नॉर्बच्या रायफलीवरचं फूल पूर्ण शाबूत आहे, सोळाच्या सोळा पाकळ्या. इतिहासाच्या बाबतीत आयुष्यातलं पहिलं खोटं. मला वाटलं, टाळ्या पडतील.
ऑगी झारा घेऊन बाहेर आला. म्हणाला, बस खाली मास्तर. आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. सासेबोला त्या ढिगापुढच्या रांगेत मी त्याच्या मागेच उभा होतो, माझीही तिथलीच. रोझेला दरवर्षी याच टेबलावर बसायची, त्याचा हात धरून ऐकायची. ती गेल्यावर आम्ही ऐकतो. कोणाची बंदूक कुठून आली, हे इथे कोणी कोणाला विचारत नाही. तुला कसं कळणार रे ते?
शेवटचं तो रागाने बोलला नाही. रागाने बोलला असता तर बरं झालं असतं.
माझ्या खुर्चीचा पाय डुगडुगत होता. दुरुस्त कर, असं कोणी म्हणालं नाही.

गुड फ्रायडे, २८ मार्च
दोन आठवडे सर्दी. मग रायफल परत द्यायला गेलो. भिंतीवर तिच्या जागी जॅनिसने घड्याळ लावलंय. वॉलपेपरवर रायफलीच्या आकाराचा गडद पट्टा राहिलाय, घड्याळाने तो झाकला जात नाही.
नॉर्ब म्हणाला, नको. परत टांगली तरी जॅनिस वर बघणार आणि मग माझ्याकडे बघणार. तुझ्याकडेच राहू दे, तुला हवी होती ना.
मी म्हणालो, सॉरी, नॉर्ब. आणखी काही म्हणालो नाही.
तो म्हणाला, हं. मग म्हणाला, ते घड्याळ दहा मिनिटं पुढे जातं, तेवढं बघ. मी स्टुलावर चढलो आणि घड्याळ लावून दिलं. तो सिंकपाशी उभा राहून सूप पीत होता.

रविवार, ३० मार्च. ईस्टर
उपास संपला. संकल्प पाळला. अर्लीनला सांगितलं, तिने नुसता हॅम कापला.
दुपारी पंधरावं कार्ड लिहायला बसलो. कोणी आणली: नॉर्बर्ट हेल्मिंग. कुठून: सासेबो, ढिगातून. फूल: घासलेलं. शेवटचा रकाना, माझ्याकडे कशी आली. 'भेट' लिहिलं. खोडलं. 'मैत्रीखातर' लिहिलं. अर्लीन मागे उभी राहून वाचत होती. तेही खोडलं.
कार्डावर मी खोटं लिहीत नाही. तासाभराने लिहिलं:
शरण आलेल्या माणसाकडून घेतली.