पाटीवरच्या तरुणी

प्रिय वर्डाआत्या,

तू गेलीस, पत्ता उरला नाही, तरी लिहितोय. हमरस्त्यावरच्या आपल्या जुन्या बायबल कॉलेजचा इतिहास सांगणाऱ्या पाटीवर आता 'तरुणांसाठी' नाही, 'तरुण-तरुणींसाठी' आहे!

पाट्या लावणाऱ्या इतिहास मंडळाचे साहेब आधी म्हणाले होते, "बायका तिथे स्वयंपाकाला होत्या. तुमचं शिक्षण किती?"

आठवी. पण कॉलेजातल्या पाय धुण्याच्या धार्मिक विधीची वही मीच शोधली. पुरुष पुरुषांचे पाय धूत, बायका बायकांचे. म्हणून याद्या वेगळ्या. 'विद्यार्थिनींचा बाक' या मथळ्याखाली अकरा नावं, सातवं तुझं. साहेबांनी पाटी बदलायच्या कागदावर सही केली!

तुला 'भांडीवाली' म्हणणाऱ्या लॉइडकाकांना आज पाटी मोठ्याने वाचायला लावली. दुसऱ्यांदा सांगितल्यावर कुरकुरले, "एकदा पुरे की रे!"

"चाळीस वर्षं चिडवलंत, काका. वाचा."

वाचली त्यांनी. टोपी काढून.

तुझाच,
हार्लन